सर्व्हर चालू आहे, पण उत्तर येत नाही

संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात नेटवर्किंगच्या प्रात्यक्षिकांना प्रारंभ झाला, की विद्यार्थ्याकडून जो पहिला प्रोग्राम लिहून घेतला जातो तो बहुधा 'एको सर्व्हर' असतो. क्लायंटने जे पाठविले तेच त्याला जसेच्या तसे परत पाठवावयाचे, एवढेच या सर्व्हरचे काम. डोंगरात मारलेल्या हाकेसारखे. १९८३ साली जॉन पोस्टेल यांनी या सेवेचे जेमतेम एका पानाचे मानक लिहिले आणि तिच्यासाठी ७ हा पोर्ट क्रमांक नेमून दिला. कामच इतके लहान असल्याने प्रोग्रामही तीस-चाळीस ओळींचा होतो. तरीही या तीस-चाळीस ओळी चालेनाशा झाल्या, की अख्खी दुपार खर्ची पडते, आणि दोष नेमका कोठे आहे याचा थांग लागत नाही.

प्रात्यक्षिकात फार तर जर्नलवरील सही अडते. परंतु याच सांगाड्यावर पुढे हजेरीयंत्राच्या नोंदी गोळा करणारा, वजनकाट्यावरील आकडा कार्यालयापर्यंत पोहोचविणारा किंवा शीतगृहातील तापमान टिपणारा छोटा सर्व्हर उभा राहतो. तो मध्येच मुका झाला किंवा अर्धवट आकडे नोंदवू लागला, तर दिवसाचा हिशेब बिघडतो आणि दोष 'नेटवर्क'च्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात नेटवर्क बहुतेक वेळा निर्दोष असते.

अशा सर्व्हरमधील दोष दोन जातींचे असतात. काही बोलके असतात; ते पडद्यावर संदेश देऊन प्रोग्राम थांबवितात. काही मुके असतात. प्रोग्राम चालू राहतो, कोणतीही तक्रार येत नाही, मात्र काम होत नाही किंवा चुकीचे होते. बोलक्या दोषांना माणसे घाबरतात, पण खरे घातक असतात ते मुके दोष. त्यांतला सर्वांत मोठा दोष तर स्वतःच्या टेबलावर चाचणी घेताना दिसतच नाही. त्याकडे पुढे सविस्तर वळू.

चार पायऱ्या

नेटवर्कवरून बोलण्यासाठी प्रोग्रामला ऑपरेटिंग सिस्टीमकडून जे साधन मिळते त्यास सॉकेट म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी १९८३ साली युनिक्सच्या '४.२ बीएसडी' या आवृत्तीतून ही पद्धत सर्वांपुढे आणली. चार दशके लोटली, संगणक बदलले, भाषा बदलल्या, तरी लिनक्स, विंडोज, मॅक या सर्वांवर आजही तीच पद्धत, बव्हंशी त्याच नावांनिशी, वापरली जाते. म्हणूनच पुढील विवेचन सी भाषेला जितके लागू आहे तितकेच पायथन वा जावालाही.

सर्व्हरला चार पायऱ्या क्रमाने चढाव्या लागतात. 'सॉकेट' या आज्ञेने साधन मागून घ्यावयाचे. 'बाइंड' या आज्ञेने त्याला पत्ता व पोर्ट क्रमांक चिकटवावयाचा. 'लिसन'ने, आता आपण येणाऱ्या जोडण्या स्वीकारण्यास सिद्ध आहोत, असे ऑपरेटिंग सिस्टीमला कळवावयाचे. आणि 'ॲक्सेप्ट'ने आलेली एकेक जोडणी हाती घ्यावयाची. यानंतर 'रिसीव्ह' आणि 'सेंड' या आज्ञांनी देवाणघेवाण होते व 'क्लोज'ने निरोप घेतला जातो. येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी. ॲक्सेप्ट दरवेळी एक नवे सॉकेट परत देतो. बोलावयाचे ते या नव्या सॉकेटवर. जुने सॉकेट केवळ दारावरच्या रखवालदारासारखे असते. रखवालदाराशीच गप्पा मारू पाहणारे प्रोग्राम नवशिक्यांकडून सर्रास लिहिले जातात.

सर्व्हर अडला, की पहिला प्रश्न 'काय बिघडले' हा नसून 'कोणत्या पायरीवर अडला' हा असावा. प्रत्येक आज्ञेने काय परत दिले ते तपासावे आणि प्रत्येक पायरीनंतर एक ओळ छापावी. सी भाषेत आज्ञा अयशस्वी झाली तरी प्रोग्राम आपणहून थांबत नाही. तो पुढची आज्ञा निरर्थक सॉकेटवर चालवीत राहतो आणि मग तिसऱ्याच ठिकाणी भलताच संदेश उमटतो. छापलेल्या ओळीही कधी फसवितात. प्रोग्रामचे उत्पादन पडद्याऐवजी फाइलमध्ये वळविले असेल, तर ते बफरमध्ये साठून राहते आणि बराच वेळ काहीच लिहिले गेलेले दिसत नाही. प्रोग्राम पोहोचलाच नाही असे वाटते, वास्तविक तो केव्हाच पुढे गेलेला असतो. छापल्यावर बफर तत्काळ रिकामा करण्याची सूचना द्यावी, म्हणजे हा गोंधळ टळतो.

पत्ता आधीच घेतलेला

बोलक्या दोषांत सर्वाधिक भेटणारा संदेश म्हणजे 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज'. लिनक्सवर याचा क्रमांक ९८, मॅकवर ४८ आणि विंडोजवर १००४८ असतो. अर्थ सरळ आहे: मागितलेले पोर्ट दुसऱ्या कोणाकडे आहे. बहुधा तो दुसरा कोणी म्हणजे आपल्याच प्रोग्रामची आधीची, खिडकीआड राहून गेलेली प्रत असते. लिनक्सवर 'एसएस', मॅकवर 'एलएसओएफ' आणि विंडोजवर 'नेटस्टॅट' ही आज्ञा दिल्यास पोर्ट कोणत्या प्रोसेसच्या ताब्यात आहे ते समजते. मॅकवर काम करणाऱ्यांना एक ठरावीक अनुभव येतो. २०२१ सालच्या 'माँटेरे' या आवृत्तीपासून ५००० क्रमांकाचे पोर्ट 'एअरप्ले रिसीव्हर' ही सेवा वापरते. पाठ्यपुस्तकातील उदाहरणात नेमके ५००० असेल, तर काल चालणारा प्रोग्राम नव्या संगणकावर चालत नाही.

पण कधीकधी शोध घेऊनही पोर्ट कोणाकडेच सापडत नाही. सर्व्हर थांबविला, लगेच पुन्हा सुरू केला, की नकार; आणि मिनिटभर चहा पिऊन आल्यावर तोच प्रोग्राम निमूटपणे चालू! यात चमत्कार काही नाही. टीसीपीच्या नियमानुसार जी बाजू जोडणी आधी बंद करते, तिला त्या जोडणीची आठवण काही काळ जपावी लागते. या अवस्थेस 'टाइम वेट' म्हणतात. मागे रेंगाळलेले एखादे पॅकेट उशिरा येऊन त्याच क्रमांकांच्या नव्या जोडणीत मिसळू नये, यासाठी ही खबरदारी. लिनक्सवर हा काळ ६० सेकंदांचा असतो. यावरील उपाय म्हणजे बाइंडपूर्वी सॉकेटवर 'रियूज ॲड्रेस' हा पर्याय लावणे. 'बाइंडपूर्वी' हा शब्द महत्त्वाचा. नंतर लावल्यास त्याचा काही उपयोग नाही. विंडोजवर मात्र याच नावाच्या पर्यायाचा अर्थ निराळा आहे. तेथे त्यामुळे दुसऱ्या प्रोग्रामने धरलेले पोर्टही मिळू शकते आणि येणारी जोडणी दोघांपैकी कोणाकडे जाईल याची शाश्वती राहत नाही. लिनक्ससाठी लिहिलेली ओळ विंडोजवर आंधळेपणाने उतरविणे म्हणूनच टाळावे.

आणखी एक बोलका दोष म्हणजे 'परमिशन डिनाइड'. लिनक्सवर १०२४ पेक्षा लहान क्रमांकाची पोर्टे सामान्यतः प्रशासकाखेरीज कोणास मिळत नाहीत. त्यामुळे मानकातील ७ क्रमांक प्रामाणिकपणे वापरू पाहणारा विद्यार्थी पहिल्याच पायरीवर ठेचकाळतो. सरावासाठी ८०८० वा ९००० सारखे मोठे क्रमांक घ्यावेत. मर्यादा ६५५३५ पर्यंत आहे.

बाइंडच्या पायरीवर एक मुका दोषही दडलेला असतो, आणि तो केवळ सी किंवा तिच्या जवळच्या भाषांत आढळतो. पोर्ट क्रमांक दोन बाइटांत मावतो. नेटवर्कवर मोठा बाइट आधी पाठवितात, तर आपल्या नेहमीच्या संगणकांत लहान बाइट आधी असतो. या दोन पंथांना 'बिग एंडियन' आणि 'लिटल एंडियन' ही नावे डॅनी कोहेन यांनी १९८० साली दिली; अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून लढणाऱ्या गलिव्हरच्या प्रवासातील मंडळींवरून ती घेतली आहेत. क्रमांकाचे बाइट उलटविणारी 'एचटूएनएस' ही आज्ञा विसरली, तर ८०८० मागणाऱ्या सर्व्हरला ३६८९५ क्रमांकाचे पोर्ट मिळते. त्रुटी नाही, तक्रार नाही. सर्व्हर इमानेइतबारे भलत्याच दारापाशी वाट पाहत बसतो. कोणती पोर्टे उघडी आहेत याची यादी काढली, की हे कोडे क्षणात सुटते.

नकार आणि मौन

सर्व्हर सुरू झाला, पण क्लायंट पोहोचत नाही, अशी तक्रार असेल तर क्लायंटला नकार मिळतो की मौन, हे आधी पाहावे. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' हा नकार खरे तर शुभवार्ता असते. पॅकेट त्या संगणकापर्यंत गेले, तेथील ऑपरेटिंग सिस्टीमने ते पाहिले आणि 'या पत्त्यावर, या पोर्टवर कोणी ऐकत नाही' असे कळविले, असा त्याचा बहुतेक वेळा अर्थ असतो. दोष सर्व्हरच्या पोर्टात, पत्त्यात किंवा तो बंद पडण्यात असणार. याउलट क्लायंट दीर्घकाळ ताटकळून 'टाइम आउट' म्हणत असेल, तर वाटेत कोणीतरी पॅकेट गिळून टाकत आहे, किंवा पत्ताच चुकला आहे. गिळणारा बहुधा फायरवॉल असतो. विंडोजमध्ये तो २००४ सालच्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून मुळातच सुरू असतो. प्रोग्राम प्रथम चालविताना परवानगीची जी खिडकी येते, ती घाईने बंद करणाऱ्यास पुढे हे मौन भोवते.

येथे 'पिंग' करून पाहण्याचा सल्ला हमखास दिला जातो. त्याला अवास्तव महत्त्व देऊ नये, असे आमचे मत आहे. पिंगला पोर्ट ठाऊक नसते. पिंग चालले तरी आपले पोर्ट बंद असू शकते आणि पिंगला मज्जाव असूनही पोर्ट सुरळीत चालू असू शकते. त्यापेक्षा 'टेलनेट' किंवा 'नेटकॅट' घेऊन थेट त्याच पोर्टवर जोडणी मागावी. त्याचा दुहेरी लाभ होतो. आपण लिहिलेल्या दोन प्रोग्रामांपैकी एकाच्या जागी निर्दोष साधन बसविल्यामुळे दोष सर्व्हरमध्ये की क्लायंटमध्ये, याचा निवाडाही होऊन जातो.

नकाराचे सर्वांत परिचित कारण म्हणजे १२७.०.०.१ हा पत्ता. हा प्रत्येक संगणकाचा स्वतःसाठीचा पत्ता आहे. सर्व्हर त्याच्याशी बांधला, तर त्याच संगणकावरील क्लायंटला तो भेटतो, शेजारच्या संगणकाला भेटत नाही. सर्व बाजूंनी येणाऱ्या जोडण्या हव्या असतील तर ०.०.०.० या पत्त्याशी बांधावे लागते. डॉकरसारख्या कंटेनरात सर्व्हर ठेवणाऱ्यांचीही हीच फसगत होते, कारण कंटेनरातील १२७.०.०.१ हा कंटेनरापुरताच असतो. 'लोकलहोस्ट' या नावाचा आणखी एक पेच आहे. आयपी आवृत्ती ४ प्रमाणे त्याचा अर्थ १२७.०.०.१, तर आवृत्ती ६ प्रमाणे ::१ असा होतो. सर्व्हर एका पत्त्यावर आणि क्लायंट दुसऱ्यावर, अशी चुकामूक होते. नोड जेएसच्या २०२१ मध्ये आलेल्या १७ व्या आवृत्तीने नावाचे पत्ते चौथ्या आवृत्तीस अग्रक्रम न देता, जसे मिळतील त्याच क्रमाने वापरावयास आरंभ केला, तेव्हा वर्षानुवर्षे चालणारे प्रोग्राम अनेकांकडे एका दिवसात नकार देऊ लागले. चाचणीत नावाऐवजी अंकी पत्ता लिहिला, तर शंका फिटते.

चाचणी नेहमी जवळून दूर न्यावी. प्रथम त्याच संगणकावरून १२७.०.०.१ वर, मग त्याच संगणकावरून पण त्याच्या स्थानिक नेटवर्कमधील पत्त्यावर, नंतर त्याच नेटवर्कमधील दुसऱ्या संगणकावरून आणि सरतेशेवटी बाहेरून. काही महाविद्यालयांच्या व कार्यालयांच्या वायफायमध्ये एका उपकरणाने दुसऱ्याशी थेट बोलण्यास बंदी केलेली असते. तेथे तिसरी चाचणी प्रोग्राम निर्दोष असूनही फसते. घरातील सर्व्हर बाहेरून दिसण्यासाठी राउटरमध्ये पोर्ट पुढे पाठविण्याची व्यवस्था करावी लागते, आणि सेवा पुरविणारी कंपनी अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देत असेल तर तेवढ्यानेही भागत नाही.

जोडणी झाली, उत्तर नाही

आता मुक्या दोषांकडे. क्लायंट म्हणतो 'जोडणी झाली', सर्व्हर म्हणतो 'माझ्याकडे कोणी आलेच नाही'. दोघेही खरे बोलत असतात. लिसन झाल्यावर येणाऱ्या जोडणीचा हात मिळविण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टीम स्वतः करते आणि जोडणी रांगेत उभी करते. प्रोग्रामने ॲक्सेप्ट केले नसले तरी क्लायंटच्या दृष्टीने जोडणी पूर्ण झालेली असते. तो माहिती पाठवूही शकतो. साधा सर्व्हर एका क्लायंटशी बोलत असताना दुसरा आला, की त्याची हीच गत होते. पहिला क्लायंट जोडणी उघडी ठेवून जेवावयास गेला, तर दुसऱ्याला ताटकळावे लागते. यावर प्रत्येक क्लायंटसाठी स्वतंत्र थ्रेड किंवा प्रोसेस नेमणे, अथवा 'सिलेक्ट'सारख्या आज्ञेने अनेक सॉकेटांवर एकत्रित लक्ष ठेवणे, असे दोन राजमार्ग आहेत. दहा-वीस क्लायंटांसाठी थ्रेड पुरेसे होतात. त्याहून अवघड यंत्रणा उगाच उभारू नये.

एकच क्लायंट असूनही दोन्ही बाजू गप्प राहिल्या, तर 'पहले आप'चा प्रसंग आहे असे समजावे. जावामध्ये ओळ वाचणारी आज्ञा ओळीच्या समाप्तीचे चिन्ह येईपर्यंत हलत नाही. क्लायंटने शब्द पाठविला पण ते चिन्ह पाठविले नाही, किंवा पाठविले पण त्याच्याच बफरमध्ये राहिले, तर सर्व्हर समाप्तीची वाट पाहतो आणि क्लायंट उत्तराची. याचेच भावंड म्हणजे 'एक्झिट' असे लिहूनही न थांबणारा सर्व्हर. टेलनेट ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हे जोडते; 'एक्झिट' आणि 'एक्झिट अधिक दोन चिन्हे' हे संगणकाच्या लेखी निरनिराळे शब्द होत. आलेला मजकूर बाइटांच्या अंकी रूपात छापून पाहिला, की ही अदृश्य चिन्हे उघडी पडतात.

नळाचे पाणी

आणि आता तो मोठा दोष. क्लायंटने एकदा सेंड केले, की सर्व्हरला एका रिसीव्हमध्ये तेवढेच नेमके मिळेल, असे बहुतेक नवशिके गृहीत धरतात. टीसीपीने असे वचन कधीच दिलेले नाही. त्याचे १९८१ सालचे मानक घ्या किंवा २०२२ साली त्याची जागा घेणारे सुधारित मानक घ्या. वचन एवढेच आहे, की पाठविलेले बाइट गाळ न होता, क्रम न बिघडता पोहोचतील. कोठे तोडून पोहोचतील, याविषयी ते मौन बाळगते. गच्चीवरच्या टाकीत कोणी हंड्याने पाणी ओतले, तर खाली नळाला ते हंड्याहंड्याने येत नाही, धार येते. टीसीपी ही धार आहे. दोन वेळा पाठविलेला मजकूर एकदम हाती पडू शकतो, एकदा पाठविलेला तीन तुकड्यांत येऊ शकतो.

घात असा, की एकाच संगणकावर चाचणी घेताना छोटे संदेश बहुतेक वेळा जसेच्या तसे येतात. गृहीतक खरे ठरते, प्रात्यक्षिक पार पडते, प्रोग्राम कार्यालयात रुजू होतो. पुढे कधी संदेश मोठा झाला, जोडणी संथ झाली किंवा दोन नोंदी पाठोपाठ आल्या, की सर्व्हर अर्धी नोंद पूर्ण समजून लिहितो आणि उरलेली अर्धी नवी नोंद म्हणून. त्रुटीचा संदेश कोठेच नाही. १२५० चे वजन १२ आणि ५० अशा दोन नोंदींत विभागले गेले, तर ते रजिस्टरात कोणाच्या नजरेस कधी येईल याचा नेम नाही.

मराठी मजकूर पाठविणाऱ्यास हा दोष इंग्रजीवाल्यांच्या आधी भेटतो, हे एका अर्थी आपले भाग्यच म्हणावयाचे. युटीएफ-८ या सर्वमान्य पद्धतीत इंग्रजी अक्षर एका बाइटात मावते, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. सर्व्हर एका वेळी १०२४ बाइट वाचत असेल आणि मजकूर सलग देवनागरीत असेल, तर ३४१ चिन्हे पुरी होऊन ३४२ व्या चिन्हाचा एकच बाइट पहिल्या हप्त्यात येतो. तेवढ्याचे अक्षरांत रूपांतर करू गेल्यास पायथन थेट त्रुटी देते, इतर काही भाषा प्रश्नचिन्हाची चौकट छापून गप्प बसतात. इंग्रजी मजकूर तुटला तरी अक्षरे शाबूत राहतात, म्हणून तुटल्याचे लक्षात येत नाही. आपला मजकूर तुटला की बोलतो.

उपाय म्हणजे संदेशाची सीमा आपणच ठरविणे. एक तर प्रत्येक संदेशाच्या अखेरीस ठरलेले चिन्ह ठेवावे आणि ते येईपर्यंत आलेले तुकडे साठवीत जावे. किंवा संदेशाआधी त्याची लांबी पाठवावी व तितके बाइट भरेपर्यंत पुनःपुन्हा वाचावे. ओळीओळींच्या मजकुरासाठी पहिला मार्ग सोपा, इतर सर्व कामांसाठी दुसरा अधिक भरवशाचा. दुसरा मार्ग घेताना लांबी बाइटांत मोजावी, अक्षरांत नव्हे. 'नमस्कार' हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. युनिकोडच्या हिशेबी त्यात सात चिन्हे आहेत, कारण जोडाक्षरातील हलन्त आणि काना वेगळे मोजले जातात. बाइट मात्र एकवीस होतात. लांबी म्हणून सात हा आकडा पाठविल्यास सर्व्हर 'नम' आणि 'स'चा तृतीयांश घेऊन थांबेल, आणि उरलेले चौदा बाइट पुढच्या संदेशाची लांबी म्हणून वाचावयास घेईल. तेथून पुढे सारा संवाद घसरतो. अक्षरांत रूपांतर करावयाचे ते पूर्ण संदेश हाती आल्यानंतरच.

पाठविणाऱ्या बाजूलाही हाच न्याय लागू आहे. सेंड ही आज्ञा सांगितलेले सर्व बाइट स्वीकारीलच असे नाही. किती स्वीकारले तो आकडा ती परत देते आणि उरलेले पुन्हा पाठविण्याची जबाबदारी आपली असते. पायथनमध्ये 'सेंडऑल' ही आज्ञा हे काम परस्पर करते. एको सर्व्हरमध्ये यातून एक मासलेवाईक कोंडी उद्भवते. क्लायंटने आधी सर्व पाठवून मगच वाचावयाचे ठरविले आणि मजकूर काही मेगाबाइटांचा असला, तर सर्व्हर परत पाठवीत असलेला मजकूर कोणी उचलत नाही, त्याचा बफर भरतो, तो सेंडमध्ये अडकतो, म्हणून वाचणे थांबवितो, त्यामुळे क्लायंटचाही बफर भरतो आणि तोही सेंडमध्येच अडकतो. दहा शब्दांच्या चाचणीत हे कधीच दिसणार नाही. यासाठी क्लायंटने पाठविणे आणि वाचणे आलटूनपालटून किंवा दोन थ्रेडांत करावे.

निरोपाचे दोष

समोरच्याने जोडणी बंद केली, की रिसीव्ह शून्य बाइट परत देते. शून्य म्हणजे 'अद्याप काही आले नाही' नव्हे. शून्य म्हणजे 'आता काही येणार नाही'. हा भेद न पाळणारा सर्व्हर शून्य वाचतो, शून्य परत पाठवितो आणि पुन्हा वाचावयास जातो. क्लायंट गेल्याक्षणी संगणकाचा पंखा घोंघावू लागला आणि प्रोसेसरचा वापर शंभर टक्क्यांवर गेला, तर दुसरे कारण शोधू नये. सी भाषेत आणखी एक पथ्य आहे. आलेल्या बाइटांच्या शेवटी समाप्तीचा शून्य-बाइट आपोआप लागत नाही. तो न लावता मजकूर छापल्यास आधीच्या लांब संदेशाचे शेपूट नव्या छोट्या संदेशामागे लोंबताना दिसते.

क्लायंट गेल्यावर त्याचे सॉकेट क्लोज करण्यास विसरणारा सर्व्हर सकाळी उत्तम चालतो आणि सायंकाळी 'टू मेनी ओपन फाइल्स' म्हणून मान टाकतो. लिनक्सवर एका प्रोसेसला उघडता येणाऱ्या फाइलींची व सॉकेटांची मर्यादा पुष्कळदा १०२४ असते. मर्यादा वाढविण्याचा सल्ला सर्वत्र मिळतो. त्याने मरण केवळ रात्रीवर जाते. याउलट, कोणताही संदेश न देता अचानक नाहीसा होणारा सर्व्हर लिनक्स वा मॅकवर असेल आणि सी भाषेत लिहिलेला असेल, तर 'सिगपाइप'वर संशय घ्यावा. समोरच्याने बंद केलेल्या जोडणीवर लिहिण्याचा प्रयत्न केल्यास ऑपरेटिंग सिस्टीम हा संकेत पाठविते आणि त्याची दखल न घेणारी प्रोसेस जागीच संपते. एका क्लायंटने मध्येच पाठ फिरविली म्हणून बाकी सर्वांची सेवा बंद पडावी, हे अर्थातच परवडणारे नाही. प्रारंभीच हा संकेत दुर्लक्षित करण्याची सूचना द्यावी, म्हणजे सेंड केवळ त्रुटी परत देते. पायथनमध्ये ही व्यवस्था आधीच केलेली असते.

सर्वांत चिवट प्रसंग म्हणजे समोरचा निरोप न घेताच नाहीसा होणे. वीज गेली, केबल निघाली, मोबाइलचे जाळे तुटले. बंद झाल्याची वार्ता आणणारे पॅकेट निघालेच नाही, तर सर्व्हरच्या लेखी जोडणी अभंग असते आणि तो रिसीव्हमध्ये अनंतकाळ बसून राहू शकतो. टीसीपीत 'कीप अलाइव्ह' नावाची विचारपूस करण्याची सोय आहे, पण ती आपण सुरू करावी लागते आणि सुरू केली तरी पहिली विचारपूस नेहमीच्या मांडणीत दोन तासांनी होते. हजेरीयंत्रासारख्या कामात दोन तास फार झाले. रिसीव्हवर स्वतःची कालमर्यादा लावावी, आणि उपकरणाने दर अर्ध्या मिनिटाला 'मी आहे' एवढा छोटा संदेश पाठवावा, असा करार दोन्ही प्रोग्रामांत करून ठेवावा.

इतके करूनही दोष हाती न लागल्यास तारेवरून प्रत्यक्ष काय वाहते आहे ते पाहावे. यासाठी 'टीसीपीडम्प' आणि 'वायरशार्क' ही साधने विनामूल्य मिळतात. १९९८ मध्ये 'इथिरियल' म्हणून जन्मलेले वायरशार्क २००६ पासून आजच्या नावाने ओळखले जाते. पॅकेट निघाले की नाही, पोहोचले की नाही, निरोप आधी कोणी घेतला, हे त्यात वेळेसकट दिसते. सर्व्हर कामावर लावण्यापूर्वी मात्र तीन चाचण्या घरीच घ्याव्यात. एक संदेश एकेक बाइट करून, मध्ये क्षणभर थांबत पाठवावा. दहा संदेश एकाच सेंडमध्ये सलग पाठवावेत. आणि संवाद ऐन रंगात असताना क्लायंटच्या संगणकाची केबल उपटून, सर्व्हर दुसऱ्या क्लायंटला किती वेळात उत्तर देतो, ते घड्याळ लावून पाहावे.